विमानाने अडीच तास

आमच्या घरात लांब या शब्दाला एक ठरलेलं माप होतं. लांब म्हणजे इस्लापूर. आईचं माहेर तिथलं. भोकर तालुक्यातल्या आमच्या गावाहून तिकडे जायचं म्हणजे सकाळची एसटी धरायची, मध्येच उतरून दुसरीची वाट बघत बसायचं आणि पोचेपर्यंत धुळीने डोकं पांढरं करून घ्यायचं. दवाखाना किती लांब, तर अर्धं इस्लापूर. शाळा किती लांब, तर काहीच नाही, चालत जा. अक्काला शिरूर अनंतपाळजवळच्या गावात दिलं तेव्हा आई दारात बसून म्हणाली, दोन इस्लापूर झाले की गं. अक्का माझी थोरली बहीण. आम्हा दोघींना भाऊ नव्हता.

सहा महिन्यांत अक्का तिकडचं बोलायला लागली. आमच्याकडे ‘येऊन राहिले’ म्हणतात, तिकडे ‘येलाले’. मी तिला चिडवायची की तू आता पक्की लातूरवाली झालीस. ती म्हणायची, मी निदान कुठली तरी झाले, तू कुठलीच राहणार न्हाईस बघ. तिचं म्हणणं पुढे खरं झालं. मला केंद्र सरकारच्या एका खात्यात नोकरी लागली आणि काही वर्षांनी बदली निघाली ती थेट गुवाहाटीला. तोवर आई आणि बाबा दोघंही गेले होते. घराला कुलूप होतं आणि किल्ली माझ्या पर्समध्ये होती.

निघण्याआधी अक्का मला भेटायला नांदेडला आली. गाडीला वेळ होता म्हणून तिने मला बाजारात एका कापडाच्या दुकानात नेलं. मला वाटलं, मला साडी घेते आहे. तिने गादीवर बसून नऊवारी लुगडी काढायला लावली, दोन-चार बाजूला सारली आणि पांढऱ्यावर निळे काठ असलेलं एक उचलून गालाशी धरलं. शोभतं का म्हणून मला विचारलं. दुकानदार म्हणाला, ताई, तुमच्या वयाला रंगीत घ्या. अक्का त्याला म्हणाली, “नेसायला न्हाई, न्यायला पायजे.”

बाहेर येऊन तिने ती पिशवी माझ्या हातात दिली. “हे तुझ्यापाशी ठिव. मी मेले की तुलाच आणावं लागतंय. तिकडं घाईत कुठं लुगडं हुडकत बसशील?”

मला इतका राग आला की मी तिथेच रस्त्यावर तिला बोलले. ती हसत होती. उसाच्या रसाच्या गाड्यावर नेऊन तिने मला रस पाजला आणि वर तिचा अर्धा ग्लासही माझ्याच ग्लासात ओतला. तेवढ्यात तिने विचारलं, हे गुवाहाटी किती इस्लापूर आहे? मी म्हटलं, मोजता येणार नाही.

आमच्याकडे बाई गेली की तिच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं पडतं. ते घेऊन माहेरचं माणूस येईपर्यंत तिला उचलत नाहीत. आमच्या आजोबांच्या पिढीने दीक्षा घेतली, घरातले देव काढून नदीला नेऊन सोडले, मयताला बुद्धाच्या तसबिरीसमोर मेणबत्ती लावून त्रिशरण-पंचशील म्हणू लागले. देव गेले, पण लुगडं राहिलं. मी शिकलेली असल्यामुळे मला ते पटत नाही असं मी कधीमधी म्हणायची. आई म्हणायची, अगं त्यात देवाचं काय आहे, माहेरच्यांनी शेवटी एकदा तोंड दाखवावं म्हणून ते असतं. अक्काचं माहेर म्हणजे आता एकटी मी होते. गुवाहाटीत मी चार घरं बदलली. प्रत्येक वेळी ती पिशवी सामानात सगळ्यात शेवटी भरली आणि नव्या घरात सगळ्यात आधी काढून कपाटात ठेवली.

मग तो दुष्काळ आला. लातूर शहराला रेल्वेने पाणी आणलं जातंय हे मी ऑफिसच्या कॅन्टीनमधल्या टीव्हीवर पाहिलं. शेजारचे लोक हसले, त्यांना ते खरं वाटेना. खिडकीबाहेर ब्रह्मपुत्रा होती, जिचा पलीकडचा काठ धुक्यात दिसत नाही. अक्काशी फोनवर बोलताना मी त्या नदीचं नाव काढत नसे. ती रोज टँकरचंच सांगायची. कधी येतो, किती बायका असतात, कुणाची घागर फुटली. गावावरून दिवसातून दोन-तीनदा विमान जातं, उंचावरून पांढरी रेघ ओढत, ते ती रांगेत उभी राहून बघायची आणि बायकांना सांगायची, माझी बहीण हाय त्यात. मी सांगायची, अक्का, ते मुंबईहून हैदराबादला जात असेल. ती म्हणायची, जाऊ दे की, आज न्हाई तर उद्या बसशील त्यात.

मे महिन्यातल्या एका दुपारी दाजींचा फोन आला. अक्काचे यजमान फार बोलणारे नव्हतेच. अक्का टँकरच्या रांगेत उन्हाने चक्कर येऊन पडली. शिरूरला नेलं, तिथून लातूरला न्यायला सांगितलं आणि नळेगावच्या पुढे जीपमध्येच संपलं. एवढं त्यांनी सांगितलं. मग म्हणाले, “तुझ्यासाठी थांबताव. लुगडं हाय ना तुझ्यापाशी?”

मी हो म्हटलं. उद्याच्या पहिल्या विमानाने निघते म्हटलं. पुढे काही बोलायच्या आत लाइन तुटली आणि नंतर लागलीच नाही.

त्यानंतर तिकडे काय झालं ते मला नंतर कळलं, पण ते इथेच सांगायला हवं. दाजींच्या धाकट्या भावाचं शिरूरला मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. म्हाताऱ्या माणसांनी त्याला विचारलं, ती पोरगी किती वाजता पोचेल बघ. त्याने मोबाइलमध्ये दोन शहरांची नावं घातली, गुवाहाटी आणि लातूर. मोबाइलने नकाशावर एक सरळ रेघ ओढून दाखवली, सतराशे-अठराशे किलोमीटर, आणि खाली लिहून आलं, विमानाने अडीच तास. ते सगळ्यांना दाखवलं गेलं. लातूरला विमानतळ आहे हे सगळ्यांना माहीत होतं, त्याची धावपट्टी रस्त्यावरून जाताना दिसते. तिथे माणसं घेऊन जाणारं विमान उतरत नाही हे विचारात घ्यायचं कुणाला सुचलं नाही. सुचणार कसं? आमच्या दोन्ही घरांत विमानात बसलेली मी एकटीच.

त्यांनी साधा हिशेब केला. पहिलं विमान म्हणजे पहाटेचं, त्यात अडीच तास, वर लातूरहून गावचा रस्ता. नऊ-दहापर्यंत पोरगी दारात. माती द्यायची वेळ दुपारी बाराला ठरली आणि गावोगावच्या नातेवाइकांना तशी खबर गेली. तेच अक्काचे धाकटे दीर सकाळीच जीप घेऊन लातूरच्या विमानतळावर जाऊन उभे राहिले. मला उन्हाचा त्रास होईल म्हणून त्यांनी सोबत पाण्याची बाटली घेतली होती. ती बाटली त्या वर्षी कशी मिळवली असेल ते मला माहीत आहे. फाटकावरच्या रखवालदाराने सांगितलं, इथं विमान येत न्हाई, कधीमधी मंत्र्याचं येतं. दिरांना वाटलं, हा माणूस आपल्याला आत सोडायला नको म्हणून सांगतोय. ते उन्हात आभाळाकडे बघत उभे राहिले.

मी त्या वेळी कोलकात्याच्या विमानतळावर दुसऱ्या विमानाची वाट बघत होते. गुवाहाटीहून नांदेडला काय किंवा लातूरला काय, कुठलंच विमान नव्हतं. आधी कोलकाता, तिथे थांबायचं, मग हैदराबाद आणि तिथून पुढे रस्ता. मी फोन लावत होते आणि गावाकडे एकही फोन लागत नव्हता. लुगड्याची पिशवी मी सामानात दिली नव्हती, मांडीवर घेतली होती. शेजारच्या खुर्चीवरच्या बाईने निळे काठ पाहिले आणि हिंदीत कौतुकाने विचारलं, घरात लग्न आहे का? मी हो म्हटलं. दुसरं काही सांगण्याची ताकद माझ्यात नव्हती. तिने कुणाचं म्हणून विचारलं आणि मी म्हटलं, मोठ्या बहिणीचं.

विमानात बसल्यावर मला एक खुळं समाधान वाटत होतं की आपण वेगाने जातो आहोत. समोरच्या लहान पडद्यावर एक छोटंसं विमान नकाशावरून सरकत होतं आणि किती अंतर उरलं ते दाखवत होतं. आकडा भराभर उतरत होता. मी त्याच्याकडे बघत मनात म्हणत होते, थांब अक्का, थांब. जिची सगळी घाई संपली होती तिलाच मी थांब म्हणत होते. आज ते आठवलं की माझी मलाच कीव येते.

हैदराबादला उतरून फोन चालू केला आणि दाजींचा फोन लागला. दुपार झाली होती. ते पहिल्यांदा म्हणाले ते एवढंच, “जीप लातूरला सकाळपासून उभी हाय. तू हायस कुठं?”

मला आधी समजेचना. मग उलगडलं, ते लातूरच्या विमानतळाचं बोलत होते. मी सांगितलं, मी हैदराबादला आहे, गाडी करून निघते आहे, बिदरवरून उदगीर, उदगीरहून तुमच्याकडे. मागे माणसांचा आवाज येत होता. बाराची माती धरून आलेले लोक उन्हात बसले होते. प्यायला पाणी पुरत नव्हतं. उदगीरहून आणलेल्या बर्फाच्या लाद्या विरघळत आल्या होत्या. दाजी म्हणाले, दिवस मावळेपर्यंत थांबतो, त्याच्या पुढे माझं कुणी ऐकणार नाही. मी म्हटलं, येते, मावळायच्या आत येते.

गाडी पळत होती. चालक तेलुगू माणूस होता. मी त्याला एकदाच कारण सांगितलं, पुन्हा सांगावं लागलं नाही. जहीराबाद गेलं, बिदर गेलं. कमलनगर सोडल्यावर आपली मराठी पाट्यांवर दिसायला लागली आणि पोचलोच असं वाटलं. रस्त्याच्या दोन्ही अंगाला रानं नुसती उघडी पडली होती. उन्हं अजून वर होती. उदगीरच्या अलीकडे गाड्यांची रांग लागली होती आणि ती हलत नव्हती.

मी उतरून पुढे चालत गेले. उदगीर जिल्हा व्हावा म्हणून रास्ता रोको होता. चौकात पेंडॉल टाकला होता आणि एक माणूस माइकवर बोलत होता. त्याचं म्हणणं होतं की लातूर आम्हाला लांब पडतं. एका कागदासाठी माणसाचा दिवस मोडतो, आजारी माणूस वाटेत दगावतो, जिल्हा जवळ आला पाहिजे. लोक टाळ्या वाजवत होते. त्याचा शब्द न् शब्द खरा होता. माझी बहीण कालच त्या लांब पडणाऱ्या रस्त्यावर गेली होती, आणि मला त्या माणसाच्या हातातला माइक हिसकावून घ्यावासा वाटत होता.

पेंडॉलच्या कडेला बसलेल्या एका म्हाताऱ्याला मी सांगितलं, मयतीला चालले आहे, वाट द्या. त्याने विचारलं, मयत कुठं आहे? मी म्हटलं, शिरूरकडे. तो म्हणाला, मग हितं अडवलेले समदेच कुठं ना कुठं निघालेत, बाई. मी पिशवीतून लुगडं काढून त्याच्यासमोर धरलं. त्याने हात न लावता ते पाहिलं. निळे काठ पाहिले तसं आम्ही कोण हेही त्याला कळलं असणार. तो उठला, डोक्याचा रुमाल आवळला आणि माझ्याबरोबर गाडीपर्यंत चालत आला. “माहेरचं लुगडं हाय, सरका,” असं म्हणत तो एकेक ट्रक, एकेक टँकर बाजूला घ्यायला लावत गाडीच्या पुढे चालला. लोक सरकत होते. पण माणसं सरकतात तसे टँकर सरकत नाहीत. मी मागच्या सीटवर बसून उन्हं उतरताना बघत होते. त्या म्हाताऱ्याचे पाय भेगाळलेले होते आणि त्याच्या पावलांच्या गतीने माझी गाडी चालली होती. दोन विमानांनी कमावलेला सगळा वेळ त्या चौकात गेला. चौक ओलांडल्यावर त्याने काचेवर थाप मारली आणि तो मागे वळला. 

गावाच्या शिवेवर पोचले तेव्हा दिवस मावळलेला नव्हता. सूर्य बोटभर वर होता. मला वाटलं, साधलं. मग समोरून माणसं येताना दिसली. पांढऱ्या कपड्यांतली, एकेकटी, खाली मान घालून चालणारी. मयतीला निघालेले लोक घोळक्याने चालतात. सुटे सुटे चालतात ते परत येणारे. मी गाडी थांबवायला सांगितली आणि पिशवी छातीशी धरून आत बसून राहिले. उतरायची हिंमत होत नव्हती.

दाजी पुढे आले. त्यांनी दार उघडलं. माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मग तेच रडायला लागले. बर्फ संपला होता आणि म्हाताऱ्या माणसांनी आता पुरे म्हटलं होतं. घरी पोचलो तेव्हा दाराशी एक बादली ठेवली होती. आलेला प्रत्येक जण त्यात बोटं बुडवून डोळ्यांना लावत होता. पाय धुवायला पाणी नव्हतं. मीही बोटं बुडवली.

अक्काची सासू भिंतीला टेकून बसली होती. मी तिला मावशी म्हणते. मी तिच्यापुढे लुगडं ठेवलं आणि विचारलं, मग माहेरचं काय घातलं तिच्या अंगावर? मला वाटलं होतं, काहीच घातलं नसेल, किंवा शिरूरहून कुणी तरी आणलं असेल.

“तुझ्या आईनं लग्नात मला मानाचं लुगडं दिलतं,” मावशी म्हणाली. “म्या त्याची घडी बी मोडली न्हवती. माझ्या मातीला ठिवलतं. तेच घातलं. ते बी तिच्या माहेरचंच हाय.”

मग तिने माझं लुगडं उचललं, काठावरून हात फिरवला आणि आपल्या मांडीखाली सरकवून ठेवलं. हे आता माझ्यासाठी ठेवते म्हणाली. तिच्या माहेरात कुणी उरलेलं नाही. तिला उचलायची वेळ येईल तेव्हा कुणाची वाट बघायला नको. ते लुगडं अक्काने स्वतःच्या गालाला लावून पाहिलं होतं हे मी तिला सांगितलं नाही. सांगून काय होणार होतं? मी तिच्या शेजारी भिंतीला टेकले. बाहेर अंधारून येत होतं आणि लातूरहून रिकामी परत आलेली जीप अंगणात उभी होती. तिच्या पुढच्या सीटवर ती पाण्याची बाटली तशीच भरलेली पडली होती.

थोड्या वेळाने धाकटे दीर माझ्यासमोर येऊन बसले. ते माझ्याकडे बघत नव्हते. मोबाइल हातात होता, पडदा बंद. मी त्यांना म्हटलं, तुमची काही चूक नाही, त्यात तसंच दाखवतात. त्यांनी मान हलवली. मग त्यांनी मला जे सांगितलं ते मला कुणी सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. अक्काला खाली ठेवलं होतं, माती लोटायला सुरुवात झाली होती, तेवढ्यात आभाळात आवाज आला. रोजचंच विमान, पांढरी रेघ ओढत चाललेलं. मावशीने हात वर केला.

“थांबा जरा,” ती म्हणाली होती, “आली ती.”

आणि सगळे थांबले. फावडी हातात धरून, उघड्या खड्ड्याच्या कडेला, सगळं गाव मान वर करून त्या विमानाकडे बघत राहिलं. ते हैदराबादच्या दिशेने निघून गेलं आणि त्याची रेघ पुसट झाली. मग त्यांनी माती लोटली. त्या वेळी मी उदगीरच्या चौकात होते, एका म्हाताऱ्याच्या मागे, पावलापावलाने पुढे सरकत.